परत चालत येताना

त्या वर्षी दिवाळीच्या आधीच आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, दोन्ही बैल घोडेगावच्या बाजारात विकले. बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष होतं. कडबा कधीच संपला होता. शेवटी शेवटी बैल रिकामी गव्हाण चाटत उभे असायचे, आणि त्या खरखरीत जिभेचा आवाज घरात बसल्या माणसाला ऐकू यायचा. बैल विकला तरी त्याचं दावं द्यायचं नसतं, ते घरी परत आणायचं, अशी आमच्याकडे रीत. आण्णा दिवस मावळता मावळता आले ते दोन दावी खांद्यावर टाकून. आईनं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. 

विहिरीचा तळ दिसत होता. मोट उतरवून ओसरीत टांगली होती. मोट चामड्याची, तेल लावलं नाही तर तडकते. बैल नाहीत, पाणी नाही, तरी आण्णा मधूनमधून तिच्यावर करडईच्या तेलाचा हात फिरवायचे.

आई एकदा म्हणाली, "कालवनात टाकायला तेलाचा थेंब न्हाई, आन् तुमी त्या मोटंला पाजताय."

"तडाकली मंजी मग?"

"इहिरीत हाय काय तिला भरायला?"

"आज न्हाई," आण्णा म्हणाले, आणि चोळत राहिले.

दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. गावाबाहेरचा रस्ता व्हायचा होता, त्याची खडी. दुपारी तिथं सुकडी, म्हणजे सरकारी पिठाचा कोरडा खाऊ, मिळायची. घरी रेशनच्या लाल मिलोच्या, परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी. ती भाकरी थापताना आईच्या हातावर फुटायची आणि ती त्या भाकरीशी भांडायची, जसं एखाद्या नांदायला न येणाऱ्या सुनेशी भांडावं.

आणि मी नगरला कॉलेजात होतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. हे मी अभिमानानं सांगतो, कारण आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं कोणी गेलेलं नव्हतं, आणि आण्णांना तर अंगठाच होता. मला कॉलेजच्या बोर्डिंगात जागा मिळाली होती ती मार्कांवर नाही, पायांवर. खेळाडूंसाठी काही जागा राखलेल्या होत्या. राहणं आणि जेवण फुकट. पण ती जागा एका वर्षाची. विद्यापीठाच्या संघात नाव लागलं तर पदवी होईपर्यंत कायम. नाही लागलं तर उन्हाळ्यात वळकटी उचलायची. वळकटी उचलून जायचं कुठं, हे मला ठाऊक होतं. आईच्या शेजारी एक हातोडी रिकामी होती.

*

आता मी राहुरीत राहतो. नोकरी संपून बरीच वर्षं झाली. दर वर्षी थंडी पडली की पोलीस भरतीची पोरं रस्त्यावर येतात. उजाडायच्या आत त्यांच्या पावलांचा आवाज येतो, आधी एकट्यादुकट्याचा, मग घोळक्याचा. दोन्ही बाजूंना ऊस, मधून ओला गारवा, आणि तोंडातून वाफा सोडत पळणारी पोरं. एकजण हातात मोबाईल धरून वेळ ओरडत असतो. मी फाटकाशी उभा राहून पाहतो. त्यांचं पळणं मी पाहत नाही. पळून झाल्यावर ती कमरेवर हात ठेवून परत चालत येतात, ते पाहतो. तेवढ्या वेळात त्यांच्या चेहऱ्यावर जे असतं ते मला ओळखीचं आहे.

आमच्या जिमखान्याच्या सरांनी मला ते चालणं शिकवलं. सर मूळचे कबड्डीचे. कॉलेजात मैदान होतं, पण त्यावर हॉकीचे खांब आणि गवत. पळायला आखलेली वाट नव्हती. म्हणून आम्ही, म्हणजे मी एकटाच, रस्त्यावर पळायचो. माझी शर्यत चारशे मीटरची. बघणाऱ्याला छोटी वाटते. पळणाऱ्याला विचारा. शंभर मीटर माणूस एका दमात काढतो, मैलाच्या शर्यतीत दम पुरवून वापरता येतो. चारशे मीटर ह्या दोन्हींच्या मधली, कुठल्याच हिशेबात न बसणारी.

मी आधी काय करायचो, तर रोज मैलच्या मैल पळत सुटायचो. सरांनी एक दिवस सायकल आडवी घातली.

"कुणी पाठी लागलंय का तुझ्या?"

"नाही सर. दम वाढवतोय."

"असा दम वाढत नाही, असा माणूस वाळतो. हा दगड दिसतो? तो पुढचा दगड? दोन्हींमध्ये दोनशे मीटर. इथून तिथपर्यंत जीव खाऊन पळ. मग चालत परत ये. श्वास बसला की पुन्हा पळ. पुन्हा चालत ये."

"आणि किती वेळा?"

"मी थांब म्हणेपर्यंत."

त्यांच्या पुस्तकात ह्याला इंटरव्हल ट्रेनिंग म्हणत. मला ते लगेच पटलं, कारण मी मोट हाकलेली होती. बैल दिवसभर ओढत नाहीत. भरलेली मोट वर येते तेव्हा उतारावरून खाली जाताना ते सगळ्या अंगानं ओढतात, आणि मग मोट विहिरीत परत सोडताना पावलापावलानं मागं सरत चढावर येतात. त्या मागं सरण्यात ते फुरफुरतात, शेपटी हलवतात, दम खातात. त्या वेळी घाई करणारा मोटकरी बैल मारतो. लहानपणी आण्णांची थप्पड मी ह्याच कारणासाठी खाल्ली होती. तेव्हा सरांना मी म्हणालो, "कळलं सर," आणि सरांना वाटलं पोरगं नुसतं होकार देतंय.

पळताना माणूस एकटा नसतो असं मला त्या हिवाळ्यात कळलं. पळताना छाती असते, पाय असतात, कानात रक्ताचा ठोका असतो, घर भरलेलं असतं. परत चालत येताना मात्र ते सगळे निघून जातात. रस्ता तोच, पण दुप्पट लांब. घाम थंड व्हायला लागतो. मग विचार येतात. आण्णा आता कामावर पोचले असतील. आईनं आज काय खाल्लं असेल. बोर्डिंगात मला सकाळी खेळाडू म्हणून दूध मिळायचं, वर साय असलेलं, आणि ते दूध घशाखाली उतरताना मी खिडकीबाहेर बघायचो. एखाद्यानं म्हणावं, असं वाटत असेल तर प्यायचं नाही. मी प्यायचो. दूध टाकून आईचं पोट भरणार नव्हतं, एवढं मला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि गोड लागणं वेगळं.

माझ्या खोलीत विल्सन होता, श्रीरामपूरचा. त्याचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर. गोरा, जाड भिंगाचा चष्मा, सकाळी कधी उठला नाही. मी पळून आलो की तो पांघरुणातूनच विचारायचा, "आलास का? कुठपर्यंत गेला होतास?"

"दगडापर्यंत."

"आणि तिथून परत? मग गेलास कशाला?"

मी हसून पंचा उचलायचो. पण त्याचा आवाज खोलीत असायचा, हे मला तो नसताना कळायचं.

*

सरांनी दुसरी एक गोष्ट शिकवली, ती पायांची नव्हती. म्हणाले, "शर्यत पळायच्या आधी मनात पळायची. डोळे मिटून बसायचं आणि पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत सगळी पळायची. मधलं काही गाळायचं नाही. कुठं दुखतं ते बघायचं. दुखणार हे आधीच कबूल करायचं. ज्या दुखण्याला आपण आधी भेटून आलोय ते ऐन वेळी परकं वाटत नाही."

दिवाळीच्या सुट्टीत बोर्डिंग बंद. मी गावी आलो. पहाटे नव्या रस्त्याच्या मातीवर पळायचो, दिवसा आईआण्णांबरोबर खडी फोडायचो. दुपारी सुकडी खाऊन झाली की बायका बाभळीच्या सावलीला टेकायच्या. तेवढ्या वेळात मी जरा लांब, खडीच्या ढिगाला पाठ लावून, डोळे मिटून शर्यत पळायचो.

"झोपला का गं तुझा ल्योक?" शेवंताकाकूंनी आईला विचारलं. शेजारच्या घरातल्या, जिभेला हाड नसलेल्या.

"झोपला न्हाई. आब्यास करतोय."

"डोळं मिटून? कालिजात असं शिकिवत्यात व्हय? मंग आमचं म्हातारं दोन डिगऱ्यांचं हाय की."

सगळ्या हसल्या. आईही हसली, पण हसताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी डोळे उघडले नाहीत. मनात मी दोनशे मीटरच्या दगडापाशी होतो, पुढं मोरी होती, मोरीनंतर तीन बाभळी, आणि त्यांच्यापुढं रस्ता सरळ आभाळात शिरत होता. माझ्या मागं कोणीतरी पळत होतं. त्यांना तोंडं नव्हती, नुसते श्वास होते. मी रोज जिंकायचो. मनातली शर्यत मी इतक्यांदा आणि इतकी मन लावून पळालो की मोरीपाशी खरोखर माझ्या पोटऱ्या ताठायच्या.

त्यात एक चूक होती, ती तेव्हा मला दिसली नाही. माझ्या मनातली शर्यत सरळ रस्त्याची होती. तिच्यात वळण नव्हतंच. मी आयुष्यात कधी आखलेल्या मैदानावर पळालो नव्हतो.

*

मार्गशीर्षात श्रीरामपूरला कॉलेजांच्या स्पर्धा झाल्या. एस.टी. स्टँडपासून मैदानापर्यंत आम्ही चालत गेलो. मैदानावर पांढऱ्या फक्कीनं लंबगोल वाटा आखल्या होत्या, एकीला लागून एक. इतक्या सुंदर की त्यांच्यावर पाय द्यायला नको वाटावं. सर कबड्डीच्या संघाबरोबर पलीकडच्या बाजूला होते. चिठ्ठ्या टाकल्या, मला सगळ्यात आतली वाट आली. मी माझ्या रेघेवर जाऊन उभा राहिलो आणि मान वर करून पाहिलं, तर बाकीचे सगळे माझ्या पुढं उभे.

माझ्या शेजारचा माझ्यापुढं काही पावलं. त्याच्या शेजारचा त्याच्याही पुढं. सगळ्यात बाहेरचा तर वळणावर जाऊन उभा, अर्धी शर्यत पळाल्यासारखा. पायात त्याच्या खिळ्यांचे बूट. मी अनवाणी.

मला काय वाटलं ते लपवून उपयोग नाही. मला वाटलं, आपल्याला मुद्दाम मागं उभं केलंय. शहरातली पोरं, चांगल्या कपड्यांची, त्यांना पुढं. आपण कोण कुठले, खडी फोडणाऱ्याचे, आपण मागं. हे असंच असतं, असं आमच्याकडे लहानपणापासून पाजलेलं असतं. रेशनच्या दुकानात असंच, कचेरीत असंच. तेव्हा मैदानावर वेगळं का असेल? मी विचारलं नाही. विचारणं म्हणजे गयावया करणं. दात आवळले आणि म्हटलं, असू दे. मागून येऊन दाखवतो.

पिस्तूल वाजलं आणि मी सुटलो. सरांनी शिकवलेलं सगळं तिथंच रेघेवर ठेवलं आणि एकच केलं, सगळ्यांना गाठायचं, लवकरात लवकर. पहिल्याच वळणात मी दोघांना मागं टाकलं. वळणावर शरीर बाहेर फेकलं जातं, हे माझ्या पायांना माहीत नव्हतं; एकदा फक्कीवर पाय पडता पडता वाचला. पुढच्या सरळ भागात मी आणखी एकाला गाठलं. लोक ओरडत होते. मला वाटलं कौतुक करतायत. दुसऱ्या वळणात माझे पाय लाकडाचे झाले. मनात मी ज्याला भेटून आलो होतो ते हे दुखणं नव्हतंच. हे मोरीच्या खूप अलीकडंच आलं. एक सोडून सगळे एक एक करून माझ्याजवळून गेले, अगदी शांतपणे, जणू मी रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस. मी शेवटून दुसरा आलो.

दोरीच्या बाहेर विल्सन उभा होता. त्याचं गाव, म्हणून मुद्दाम आला होता. मी गवतावर पडलो तसा शेजारी येऊन बसला. माझा श्वास बसल्यावर म्हणाला, "पहिल्या वळणातच सगळ्यांना धरायला तू काय पोलीस होतास?"

"मला मागं उभं केलं होतं."

"काय?"

"सगळ्यांना पुढं, मला मागं. तू बघितलं नाहीस?"

विल्सन हसायला लागला. मग माझं तोंड बघून थांबला. चष्मा काढून पुसला, आणि गवताची एक काडी घेऊन मातीत दोन गोल काढले, एकात एक. "हा आतला गोल छोटा की नाही? बाहेरचा मोठा. बाहेरच्याला जास्त पळावं लागतं. म्हणून त्याला पुढं उभं करतात. शेवटी सगळ्यांचं अंतर सारखं. तू मागं नव्हतास, बाबा. तू बरोबरीनं होतास."

त्या संध्याकाळी मी गाडीत एकटा बसलो. एस.टी.च्या खिडकीतून नगरपर्यंत काळी, उघडी रानं. त्या महिन्यात खरं तर बाजरीची खळी संपून हुलग्या-मटकीची उरलीसुरली चालायला हवीत. एकही खळं दिसलं नाही. आणि राहुरी मागं पडल्यावर कुठंतरी मला खळं आठवलं.

मळणीला खळ्याच्या मध्ये मेढ, म्हणजे लाकडी खांब, रोवतात. तिला बैलांची रांग बांधतात, पात म्हणतात तिला, आणि ती पात कणसांवरून गोल गोल फिरते. मेढीशी सगळ्यात म्हातारा बैल बांधायचा, कारण त्याला जागच्या जागी वळायचं असतं. सगळ्यात बाहेर जवान बैल, कारण त्याला सगळ्यात लांबचा फेरा. हे मी चालायला शिकलो त्या वयापासून बघत आलो होतो. बाहेरच्याला लांब पडतं. ह्यासाठी कॉलेज लागत नाही, विल्सनच्या काडीचीही गरज नव्हती. खळ्यावर वाढलेला मी, गोलावर उभा राहून मला गोल दिसला नाही; दिसला तो अन्याय. अन्याय आम्हाला खोटा दिसतो असं नाही. पुष्कळदा तो खरा असतो. पण त्या दिवशी तो तिथं नव्हता आणि मी माझी सगळी ताकद त्याच्याशी झगडण्यात घालवली.

सर रागावले नाहीत. ते म्हणाले, "माझ्या ध्यानातच आलं नाही रे, हे सांगायचं असतं." मग म्हणाले, "संक्रांतीनंतर विद्यापीठाची निवड आहे. कॉलेजकडून तुझंच नाव पाठवतोय. दोघांना घेणार. वळण शिकून ये."

*

नाताळच्या सुट्टीत मी आण्णांना नाडा मागितला. नाडा म्हणजे मोटेचा जाड दोर. तो ओसरीत गुंडाळून ठेवलेला होता.

"काय करायचा?"

"तळ्यात गोल आखायचाय. मोठा."

गावतळं कोरडं होतं, मधला गाळ लोकांनी शेतात नेलेला. आण्णांनी कारण विचारलं तेव्हा मी श्रीरामपूरची हकिकत सांगितली. लपवलं नाही. आण्णा ऐकत राहिले, आणि मग त्या दुष्काळात मी पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं. आवाज न करता, खांदे हलवत.

"खळ्यावर वाढलेलं पोरगं, आन् तुला ह्येवढं कळंना व्हय?"

"न्हाई कळलं."

"आगं ऐकलंस का," त्यांनी आईला हाक मारली, "तुझा ल्योक मेढीच्या बैलावानी फिरत हुता आन् बाहेरच्याच्या नावानं बोंबलत हुता."

आई आतून म्हणाली, "पोराला हसू नगा. त्याला कोन सांगनार हुतं?"

हसणं थांबलं. आण्णा नाड्याकडे बघत म्हणाले, "ह्या पळन्यानं काय व्हनार?"

"बोर्डिंगातली जागा राहील. पदवी होईल."

"आन् न्हाई ऱ्हायली तर?"

"येतो खडी फोडायला."

"येऊ नगंस," आण्णा म्हणाले. एवढंच. मग उठले आणि नाडा खांद्यावर घेतला.

एक नाडा पुरला नाही. त्याला दुसरा दोर गाठला. तळ्याच्या मध्ये मेख ठोकली, दोर ताणून आण्णा टाच ओढत चालले आणि मागं मातीत रेघ उमटत गेली. पण गाळाला भेगा होत्या, हात जाईल एवढ्या. "ह्यात पाय मुरगाळंल," म्हणून आण्णांनी घरून रान सपाट करायची फळी आणली. ती ओढायला बैल लागतात. बैल नव्हते. दोर आम्ही दोघांनी खांद्यावर घेतला.

निघताना आण्णा आतल्या बाजूला वळले. "मी इकडं ऱ्हातो. तू बाहीर. तू जवान हायेस."

आम्ही ढेकळं फोडत गोल फिरलो. गावातलं कोणी बघत असेल तर काय म्हणेल, हा विचार पहिल्या फेऱ्याला माझ्या मनात होता, दुसऱ्याला नव्हता.  फळी मागं खरखरत येत होती. मधूनच आण्णा थांबायचे, दम खायचे, मी थांबायचो. पुन्हा ओढायचो. आज त्या दिवसाची आठवण आली की मला पहिली आठवते ती त्यांच्या श्वासाची लय. माझ्यापेक्षा आधी संपणारी आणि तरी माझ्यासाठी न थांबणारी.

त्या रिंगणावर मी रोज पळालो. अर्धा फेरा पळायचा, अर्धा चालायचा. डावा खांदा जरा आत, उजव्या हाताचा झोका जरा मोठा. वळणात माणूस थोडा कलतो, झाडासारखा, आणि तो कलला नाही तर पडतो. हळूहळू पायांना कळलं. चालताना मी तळ्याच्या भिंतीकडे बघायचो. वर कोणी नसायचं. पाखरंसुद्धा गाव सोडून गेली होती. आख्ख्या तळ्यात मी आणि माझी रेघ.

आता मनातली शर्यतही मी नव्यानं बांधली. मोरी काढून टाकली, बाभळी काढून टाकल्या. वळण घातलं. पुढं उभे असलेले घातले, आणि त्यांच्या पाठीकडे बघून स्वतःला सांगायला शिकलो, की हे पुढं नाहीत. आपण सगळे बरोबरीनं आहोत. हे सांगणं पळण्यापेक्षा अवघड गेलं. खरं सांगायचं तर पुढं नोकरीत, मोठ्या टेबलांच्या समोर बसताना, मला ते पुष्कळदा नव्यानं सांगावं लागलं.

*

निवडीच्या दिवशी सर बरोबर होते, पण मैदानाच्या दोरीपर्यंतच. विल्सन परीक्षेच्या तयारीला लागला होता, आला नाही. जाताना म्हणाला होता, "दगडापर्यंत जा आणि परत ये." चिठ्ठी टाकली. मला सगळ्यात बाहेरची वाट आली.

सरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. का, ते मला कळलं. बाहेरच्या वाटेवर कोणी खूश नसतो. सगळ्यांच्या पुढं उभं राहायचं, म्हणजे पूर्ण शर्यतभर कोणीच दिसत नाही. कोणाला धरायचं, कोणापासून निसटायचं, काही कळत नाही. सगळे मागं, सगळ्यांना तू दिसतोस, तुला कोणी नाही. चांगले चांगले पळणारे तिथं बावचळतात. मान वळवून बघतात आणि तिथंच हरतात.

"घाबरू नकोस," सर म्हणाले.

"नाही सर," मी म्हणालो, आणि ते खरं होतं. मला हसू येत होतं. अख्ख्या हिवाळ्यात मला कोणी दिसलं नव्हतं. रस्त्यावर कोणी नव्हतं, तळ्यात कोणी नव्हतं. मनातल्या शर्यतीतही ज्यांना मी हरवलं त्यांना तोंडं नव्हती. एकट्यानं पळायचं एवढंच मला येत होतं, आणि चिठ्ठीनं नेमकं तेच माझ्या वाट्याला दिलं होतं.

मी रेघेवर बोटं टेकली. समोर रिकामं वळण. कडेला एक लिंबाचं झाड. थंड माती. डोळे मिटायची गरज राहिली नव्हती.

त्या शर्यतीचं सांगण्यासारखं फार नाही, कारण मी ती आधी पळून झालेलो होतो. पहिलं वळण कलून काढलं. सरळ भागात खांदे सैल सोडले. दुसऱ्या वळणात ते दुखणं आलं, ठरल्या जागी, ओळखीच्या पाहुण्यासारखं, आणि मी त्याला बस म्हटलं. शेवटच्या सरळ भागात प्रथमच उजेडात कोणाची तरी सावली माझ्या शेजारी आली, माझ्यापुढं गेली. मी तिच्याकडे बघितलं नाही. दुसरी सावली आली आणि माझ्या कमरेशी अडखळली. मी तिच्याकडेही बघितलं नाही.

मग दोर छातीला लागला नाही, कारण तो माझ्या आधीच तुटला होता. सर पळत आले. त्यांना पळताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझा हात हातात घेतला. आजूबाजूला बाकीच्यांची माणसं त्यांच्या पाठी थोपटत होती, टॉवेल देत होती. मी कमरेवर हात ठेवले आणि ज्या रेघेवरून निघालो होतो तिच्याकडे परत चालायला लागलो. सवय. घाम थंड होत गेला. त्या क्षणी गावातलं कोणीतरी तिथं असायला हवं होतं, एखादं तोंड, एवढंच वाटलं. नव्हतं. आण्णा आणि आई तेव्हा खडीवर होते. माझी शर्यत कधी आहे हे त्यांना धड माहीतही नव्हतं.

मी दुसरा आलो. विद्यापीठाच्या संघात माझं नाव लागलं, बोर्डिंगातली जागा राहिली, आणि पुढच्या वर्षी मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी.